सामावून घेण्याचे गणित

संच शिकवताना आपण बहुधा मोठ्याकडून लहानाकडे जातो. आधी वर्गातले सगळे विद्यार्थी, मग त्यांतल्या मुली. आधी सगळ्या संख्या, मग त्यांतल्या सम संख्या. मोठ्या संचातून काही घटक वेगळे काढले की उपसंच झाला आणि धडा पुढे सरकला. या पुस्तकाने उलटी वाट धरली आहे. हातात एक लहान संच आहे. त्यातला एकही घटक न गमावता मोठे कसे व्हायचे, आणि मोठे झाल्यावर काय मिळते, काय हातून जाते, हा या पुस्तकाचा विषय. अशा मोठ्या संचाला गणितात अधिसंच म्हणतात. संगणकावर काम करणारे सगळे सुपरसेट म्हणतात. दोन्ही शब्द या पुस्तकात एकाच अर्थाने येतात.

पुस्तक लिहिले आहे ते रायगड जिल्ह्यातल्या तळा तालुक्याच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. नववीत संचांशी पहिली ओळख झालेली मुले आणि महाविद्यालयात पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहिणारी मुले, हे त्याचे वाचक. म्हणून उदाहरणेही शक्य तितकी इथलीच आहेत. ती विषयावर वरून चिकटवलेली नाहीत. तळा या नावातले एक अक्षर, इथल्या डोंगरातले लेख आणि इथले सातबारे या विषयाच्या थेट गाभ्याशी नेतात.

व्याख्या एका वाक्याची आहे. दुसऱ्या संचातला प्रत्येक घटक पहिल्या संचात असेल, तर पहिला संच हा दुसऱ्याचा अधिसंच. या वाक्यातला कळीचा शब्द ‘प्रत्येक’ हा आहे. पहिल्या संचात आणखी किती घटक आहेत, याची चौकशीच करायची नाही. लहान संचातला एकेक घटक उचलायचा आणि तो मोठ्यात सापडतो का, एवढेच पाहायचे. सगळे सापडले तर अधिसंच. एक जरी सापडला नाही तरी नाही. पायथनसारख्या भाषेत या तपासणीची सोय तयारच असते आणि तीही हेच करते. म्हणून कामाचा पसारा ठरतो तो लहान संचाच्या आकारावरून. रिकाम्या संचात तपासायलाच काही नसते, त्यामुळे प्रत्येक संच हा रिक्त संचाचा अधिसंच असतो. तसेच प्रत्येक संच स्वतःचाही अधिसंच असतो. निदान एक घटक तरी जास्तीचा असला, तरच त्याला खरा अधिसंच म्हणायचे.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि १२ स्वतःकडे राखले. तळ्याचा तळगड राखलेल्या १२ मध्ये होता. संचांच्या भाषेत सांगायचे तर तहातल्या ३५ किल्ल्यांचा संच हा या १२ किल्ल्यांच्या संचाचा खरा अधिसंच, आणि दोहोंतला फरक म्हणजे ते २३ किल्ले. कोणताही अधिसंच समोर आला की ‘आतला संच कोणता?’ आणि ‘वरची भर कोणती?’ हे दोन प्रश्न विचारायची सवय या पुस्तकातून लागावी, अशी अपेक्षा आहे.

आकार आणि अधिसंच यांची गल्लत फार होते. तळा तालुका पूर्वी माणगाव तालुक्यात होता. तेव्हा माणगाव तालुक्यातल्या गावांचा संच हा आज तळा तालुक्यात असलेल्या गावांच्या संचाचा अधिसंच होता. पुढे तळा वेगळा तालुका झाला. माणगाव तालुका आजही तळ्यापेक्षा मोठाच आहे, पण अधिसंच राहिलेला नाही, कारण तळ्याचे एकही गाव आता त्याच्या यादीत नाही. अधिसंच होण्यासाठी नुसते मोठे असून भागत नाही. सामावून घ्यावे लागते. रायगड जिल्ह्यातल्या गावांचा संच मात्र माणगावच्या गावांनाही सामावतो आणि तळ्याच्याही. त्याच्यावर सात जिल्ह्यांचा कोकण विभाग आणि त्याच्यावर ३६ जिल्ह्यांचे महाराष्ट्र राज्य. प्रत्येक पायरी खालच्या सगळ्या पायऱ्यांचा अधिसंच आहे.

इथे संख्यांची तुलना आणि संचांची तुलना यांच्या वाटा वेगळ्या होतात. कोणत्याही दोन वास्तव संख्या घेतल्या तर त्या सारख्या तरी असतात, नाहीतर त्यांतली एक मोठी असते. संचांचे तसे नाही. तळा आणि रोहा या तालुक्यांच्या गावांचे संच शेजारी ठेवले तर दोहोंतला कोणीच दुसऱ्याचा अधिसंच नाही. अशा क्रमाला गणितात अंशतः क्रम म्हणतात. ही कल्पना एकदा पक्की झाली की पुढच्या प्रकरणांतला बराच भाग सोपा होतो.

मोजणीचेही एक उदाहरण इथेच देतो. रायगड जिल्ह्यात १५ तालुके आहेत. एखाद्या पाहणीसाठी काही तालुके निवडायचे आहेत आणि अट एवढीच, की तळा त्यांत असलाच पाहिजे. अशा निवडी किती? तळा ठरलेलाच आहे. उरलेल्या १४ पैकी प्रत्येक तालुका एकतर घ्यायचा, नाहीतर सोडायचा. दोनाचा चौदावा घात, म्हणजे १६,३८४ निवडी. फक्त तळा असलेली निवड त्यांत सर्वांत लहान, सबंध जिल्हा सर्वांत मोठी. एका तालुक्याच्या संचाला जिल्ह्याच्या चौकटीत एवढे अधिसंच मिळतात.

गणिताचा इतिहास पाहिला तर त्यातली बरीचशी वाढ अधिसंचांतून झालेली दिसते. मोजण्यासाठी नैसर्गिक संख्या होत्या. तीनातून पाच वजा करायची वेळ आली तेव्हा ऋण संख्या घेऊन पूर्णांक आले. तीन भाकऱ्या चौघांत वाटायच्या तर परिमेय संख्या लागल्या. ज्याची बाजू एक आहे अशा चौरसाचा कर्ण मोजायचा तर परिमेय संख्याही अपुऱ्या पडल्या आणि वास्तव संख्यांपर्यंत जावे लागले. उणे एकाचे वर्गमूळ हवे झाले तेव्हा संमिश्र संख्या आल्या. प्रत्येक वेळी जुन्या संख्या जागच्या जागी राहिल्या. दोन आणि तीन मिळून पाच, हे पूर्णांकांतही खरे आणि संमिश्र संख्यांतही खरे.

पण या वाढीला किंमत पडते, आणि या पुस्तकाने ती लपवलेली नाही. नैसर्गिक संख्यांच्या कोणत्याही अरिक्त संचात सर्वांत लहान संख्या असतेच; पूर्णांकांत ही खात्री गेली. पूर्णांकांत प्रत्येक संख्येच्या लगेच पुढची संख्या सांगता येते. परिमेय संख्यांत येत नाही, कारण कोणत्याही दोन संख्यांच्या मध्ये तिसरी सापडतेच. वास्तव संख्या लहानमोठ्या क्रमाने लावता येतात. संमिश्र संख्यांना बेरीज-गुणाकाराशी जुळणारा तसा क्रम देताच येत नाही. घटक सगळे टिकले, पण संपूर्ण संचाबद्दल आपण जी विधाने करत होतो, त्यांतली काही टिकली नाहीत. यातून एक नियम निघतो. अधिसंचातल्या प्रत्येक घटकाला लागू असलेले विधान आतल्या संचातल्या प्रत्येक घटकालाही लागू होते. उलट दिशेने मात्र कसलीही हमी नाही. आत जे खरे आहे, ते बाहेरच्या भरीलाही खरे असेल असे गृहीत धरणे ही विद्यार्थ्यांची सर्वांत नेहमीची चूक, आणि अनुभवी प्रोग्रॅमरांचीही.

अनंत संच आले की आणखी एक आश्चर्य वाट पाहत असते. नैसर्गिक संख्यांचा संच हा सम संख्यांच्या संचाचा खरा अधिसंच आहे; सगळ्या विषम संख्या ही त्याची भर. तरीही प्रत्येक नैसर्गिक संख्येची तिच्या दुपटीशी जोडी लावली तर दोन्ही संचांत कोणीही एकटा उरत नाही. सान्त संचांत असे कधीच घडत नाही. १८८८ साली रिचर्ड डेडेकिंड या जर्मन गणितज्ञाने याच गोष्टीला अनंताची व्याख्या केले : ज्या संचाची स्वतःच्याच खऱ्या उपसंचाशी अशी जोडी लागते, तो अनंत. त्याच काळात गेओर्ग कँटरने अनंतांचेही लहानमोठेपण मोजायची रीत घालून दिली. या पुस्तकातले तिसरे प्रकरण या दोघांच्या विचारांवर आहे. ते सावकाश वाचावे.

आता संगणकाकडे येऊ. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. १९६३ साली अमेरिकेत ॲस्की हे मानक आले. इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही सूचना मिळून त्यात १२८ क्रमांक होते. त्यात ‘तळा’ लिहिता येत नव्हते. मराठी संगणकावर आली तेव्हा तिच्यासमोर दोन रस्ते होते. एक रस्ता फाँटचा. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. पडद्यावर मराठी दिसे, कागदावर छापूनही येई, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटे. शोध घेता येत नसे, यादी अकारविल्हे लावता येत नसे. असे हजारो अहवाल, निमंत्रणपत्रिका, स्मरणिका आणि ग्रंथांच्या फाइली आज महाराष्ट्रभर पडून आहेत. या रस्त्यावर जुना संच वाढवला नव्हता. जुन्या घटकांना हुसकून त्यांच्या जागा घेतल्या होत्या.

दुसरा रस्ता अधिसंचाचा. भारतीय मानक इस्की, म्हणजे १९९१ चे आयएस १३१९४, याने पहिल्या १२८ जागा ॲस्कीसाठी तशाच ठेवल्या आणि पुढच्या १२८ जागा भारतीय लिप्यांना दिल्या. इंग्रजी आणि मराठी एकाच फाइलमध्ये, आपापल्या क्रमांकांनी नांदू लागल्या. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने हेच तत्त्व सगळ्या जगाच्या लिप्यांना लावले. त्यातलेही पहिले १२८ क्रमांक ॲस्कीचेच आहेत, आणि देवनागरी अक्षरांची मांडणी १९८८ च्या इस्कीवर बेतलेली आहे. आज युनिकोडमध्ये दीड लाखांहून अधिक चिन्हे आहेत.

यातला ‘ळ’ जवळून पाहण्यासारखा आहे. तो आजच्या हिंदीच्या वर्णमालेत नाही. उलट हिंदीतला नुक्ता दिलेला ‘ड़’ मराठीच्या वर्णमालेत नाही. म्हणजे लिपी एक असूनही मराठीची वर्णमाला हिंदीचा अधिसंच नाही आणि हिंदीची मराठीचा नाही. फक्त हिंदीपुरता संच केला असता तर तळा गावाला स्वतःचे नावही लिहिता आले नसते. दोन्ही भाषांना पुरेल असा सर्वांत लहान संच म्हणजे दोहोंचा संयोग संच. गणितात संयोगाची ही ओळख फार मोलाची आहे : दिलेल्या दोन्ही संचांना सामावणारा सर्वांत लहान अधिसंच. युनिकोडचा देवनागरी विभाग याच विचाराने बांधलेला आहे, आणि त्यात संस्कृत, नेपाळी, कोकणी, सिंधी यांच्या गरजाही धरलेल्या आहेत.

आणि हा संच वाढत राहिला. मराठीतला ‘ॲ’ स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आला. २०१० च्या ६.० आवृत्तीत रुपयाचे चिन्ह आले आणि ब्राह्मी लिपी आली. ब्राह्मीचा तळा तालुक्याशी थेट संबंध आहे. मांदाडजवळच्या कुडे इथे राजपुरीच्या खाडीकडे पाहणारी २६ बौद्ध लेणी आहेत. त्यांतले लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके दिले, हे त्यांत कोरलेले आहे. दात्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे आणि इथल्या महाभोज या सत्ताधीशांच्या पदरी असलेला एक लेखकही आहे. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांतले लेख १८८१ साली ग्रंथरूपाने छापले, त्यात कुड्याचेही लेख आहेत. पुढे २०१४ च्या ७.० आवृत्तीत मोडी आली. कोकणात जुन्या घरांत जपून ठेवलेली खरेदीखते आणि पत्रे ज्या लिपीत आहेत, ती ही मोडी. आज एकाच फाइलमध्ये लेण्यातला लेख ब्राह्मीत, जमिनीचे जुने खत मोडीत आणि त्यांचा अर्थ देवनागरीत लिहिता येतो. ब्राह्मी आत घ्यायची म्हणून देवनागरीला कुठे सरकावे लागले नाही.

यामागे एक लेखी नियम आहे. १९९६ च्या २.० आवृत्तीपासून युनिकोडने ठरवले, की एकदा दिलेला क्रमांक काढून घ्यायचा नाही आणि हलवायचाही नाही. त्या आवृत्तीत कोरियन अक्षरे जागेवरून हलवली गेली होती. तसे पुन्हा कधी होऊ नये म्हणून हे बंधन आले. त्यामुळे तेव्हापासूनची प्रत्येक आवृत्ती मागच्या आवृत्तीचा अधिसंच आहे. ‘ळ’चा क्रमांक २३५५ हाच राहणार. आज ‘तळा’ असे लिहून ठेवले तर २३४०, २३५५, २३६६ हे तीन क्रमांक पुढच्या पिढीच्या यंत्रावरही ‘तळा’ असेच वाचले जातील.

संख्यांप्रमाणे इथेही वाढीची किंमत आहे. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी युटीएफ-८ ही साठवणुकीची पद्धत रचली. जुनी ॲस्की फाइल कसलाही बदल न करता युटीएफ-८ चीही वैध फाइल ठरते, हे तिचे मोठे यश. पण ॲस्कीत एक चिन्ह म्हणजे एक बाइट असे सरळ समीकरण होते, ते गेले. ‘तळा’मधली तीन चिन्हे युटीएफ-८ मध्ये नऊ बाइट घेतात, हेच नाव रोमन लिपीत चार बाइटांत मावते. बाइट आणि अक्षरे एकच समजणारा प्रोग्रॅम मराठी नावाचा शेवट मधेच कापतो तो यामुळे. मोबाइलच्या साध्या संदेशातही इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, तर मराठीची ७० च. एसएमएसची ही पद्धत वेगळी आहे, पण धडा तोच : घटक टिकले तरी त्यांच्याबद्दलची जुनी गृहीतके टिकतीलच असे नाही.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांबद्दल ‘सुपरसेट’ हा शब्द वारंवार कानावर येतो. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली आणलेली टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टचा सुपरसेट म्हणून ओळखली जाते. लेखनाच्या नियमांपुरते ते खरे आहे : जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला मजकूर टाइपस्क्रिप्टच्या व्याकरणात बसतो, आणि वर प्रकार तपासण्याची भर मिळते. पण ही भरच कधी कधी जुन्या, नीट चालणाऱ्या मजकुरावर आक्षेप घेते. सी प्लस प्लस ही सी भाषेचा सुपरसेट आहे, असे पुष्कळ जण म्हणतात. ते काटेकोरपणे खरे नाही. सी भाषेत एखाद्या चलाला ‘क्लास’ किंवा ‘न्यू’ असे नाव देता येते. सी प्लस प्लसने ते शब्द स्वतःसाठी राखून ठेवले आहेत. त्यामुळे सीमध्ये वैध असलेला असा प्रोग्रॅम तिथे चालत नाही. व्याख्येतला ‘प्रत्येक’ हा शब्द इथे आपले काम करतो. एक प्रतिउदाहरण मिळाले, की दावा संपला.

माहितीसाठ्यांत हीच कल्पना वेगळ्या रूपात भेटते. सातबारा शोधताना आपण जिल्हा निवडतो, तालुका निवडतो, गाव निवडतो आणि मग गट क्रमांक टाकतो. नुसत्या गट क्रमांकाने जमीन सापडत नाही, कारण तोच क्रमांक दुसऱ्या गावातही असतो. गावाचे नाव जोडले तरी भागेल असे नाही, कारण एकाच नावाची गावे वेगवेगळ्या तालुक्यांत असतात. जी माहिती मिळून नोंद नेमकी एकच ठरते, त्या माहितीच्या संचाला सुपर की म्हणतात. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रचनेवर उभ्या असलेल्या माहितीसाठ्यांत तिला मध्यवर्ती स्थान आहे. सुपर कीचा प्रत्येक अधिसंचही सुपर की असतो : वरच्या चार गोष्टींत खातेदाराचे नाव मिळवले तरी नोंद सापडतेच, फक्त ते नाव अनावश्यक ठरते. म्हणून खरे कौशल्य कशात, तर काय काय वगळूनही नोंद एकच राहते, ते शोधण्यात. अधिसंच जितका मोठा तितका चांगला, हा समज इथे पार निकालात निघतो.

पुस्तक वाचण्याची रीत सांगून थांबतो. पहिली दोन प्रकरणे क्रमाने वाचावीत. सगळी चिन्हे आणि व्याख्या तिथे आहेत. पुढची प्रकरणे आवडीनुसार घेतली तरी चालतील. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या उदाहरणांत काही विधाने मुद्दाम चुकीची ठेवली आहेत. ती सिद्ध करू नयेत. मोडणारा एक घटक शोधून काढावा. शिक्षकांनी हा भाग घरी करायला न देता वर्गात करून घ्यावा. प्रतिउदाहरण शोधताना मुलांमध्ये जी चर्चा होते, तिथेच हा विषय मनात रुजतो.

वाचकांना एक विनंती आहे. ‘आमच्या नव्या पद्धतीत जुने सगळे आहेच, शिवाय बरेच जास्त आहे’ असे कोणी सांगितले, मग ते नवे सॉफ्टवेअर असो, नवा अर्ज असो की नवी यादी, तर ‘जास्त’ काय आहे ते नंतर पाहा. आधी जुनी यादी हातात घ्या आणि एकेक नाव नव्या यादीत शोधा. आणि आपल्या गावाचे, शाळेचे, घरातल्या कागदपत्रांचे जे मराठी लेखन जुन्या फाँटांत अडकले आहे, ते युनिकोडमध्ये आणा. ज्या संचातून काहीच काढून घेतले जात नाही, तिथे ठेवलेला मजकूर पुढच्यांना वाचता येईल.